कारीट आणि काचपट्टी

आमच्या मालवणात नरकचतुर्दशीची पहाट कारिटाशिवाय उजाडत नाही. अभ्यंगस्नान उरकले की ते हिरवे, सुपारीहून थोडे मोठे फळ तुळशीपुढे ठेवायचे, ‘गोविंदा, गोविंदा’ म्हणत डाव्या पायाच्या अंगठ्याने चिरडायचे आणि त्याचा कडू रस जिभेला लावून मग पोह्यांना बसायचे. नरकासुर मेला, आता गोड खायला हरकत नाही! दूधपोहे, गूळपोहे, तिखट पोहे आणि सोबत काळ्या वाटाण्यांची उसळ. पण मुलांना त्या पोह्यांहून कारिटाचा आनंद मोठा. घरात चार मुले असली, तर पहिले कारीट कोणी फोडायचे यावरून पहाटे पाच वाजताच एक छोटे युद्ध होते, आणि नरकासुर राहतो बाजूला.

म्हणूनच 2017 सालच्या दिवाळीत एका पाच वर्षांच्या मुलाने कारीट फोडायला नकार दिला, ही गोष्ट त्याच्या आजीला खटकली. घरातल्या बाकीच्यांना तो हट्ट वाटला. आजीला तो हट्ट वाटला नाही.

मी रक्त तपासणारा डॉक्टर. नाडी पाहणाऱ्या डॉक्टरांना गावात मान असतो. मला ओळखतात ते सुई टोचणारा म्हणून. बाजारात मी समोरून आलो की निम्मी मुले आईच्या पदराआड जातात. सणाच्या दिवशी माझी खोली बंद असते आणि कोणाला त्याचे वाईटही वाटत नाही. त्या दिवशी मात्र सकाळी दहाच्या सुमारास दाराशी रिक्षा थांबली. ऐन दिवाळीत एसटीचा संप होता, म्हणून ही मंडळी किनाऱ्यावरच्या आपल्या वाडीतून रिक्षाने आली होती. आईच्या खांद्यावर मुलगा, मागे आजी.

“डॉक्टरांनू, हो झील पायार उभो रवणा नाय,” आजी म्हणाली. “कारीट फोडूक सांगल्यार रडाक लागलो. पायाक हात लावूक देणा नाय.”

मुलगा गेले तीन आठवडे तापाने कुरकुरत होता. ताप यायचा, जायचा. आधी पावसाळी ताप म्हणून औषध झाले. मग गुडघा सुजला, तेव्हा कोणीतरी संधिवात म्हटले. रात्री पाय दुखतात म्हणून तो झोपेतून उठून रडत असे. मी त्याला उजेडात बसवले. चेहरा चुन्यासारखा. पापणी खाली ओढून पाहिली, आतला लालपणा जवळजवळ गेलेला. मानेला दोन्ही बाजूंना वाटाण्याएवढ्या गाठी. पोटऱ्यांवर टाचणीच्या टोकाएवढे जांभळट ठिपके होते. त्यांवर मी एक काचपट्टी दाबून धरली. साधे पुरळ असते तर दाबाखाली फिके झाले असते. हे ठिपके तसेच राहिले. ते त्वचेखाली झिरपलेले रक्त होते.

तेवढ्यात आईने पिशवीतून गोळ्यांची एक पट्टी काढली. “ह्यो गोळयो दिल्यानी हत संधिवातावर. आज सणाचो दिवस, म्हणान अजून दिलंय नाय. उद्यापासून सुरू करतलंय.”

पट्टीवरचे नाव मी वाचले. स्टिरॉइड. माझ्या पाठीतून एक शिरशिरी गेली. का, ते पुढे सांगतो.

“बाय, गोळी देव नको,” मी म्हणालो. “पैला रगत बघूया.”

मोजणीचे यंत्र हल्ली लहान गावांतही आले आहे. चमचाभरसुद्धा रक्त लागत नाही आणि मिनिटाभरात कागद बाहेर येतो. कागदावर हिमोग्लोबिन 6.4 होते, त्या वयाच्या मुलाला निदान 11 तरी हवे. प्लेटलेट 22 हजार. हव्यात दीड लाखाच्या वर. आणि पांढऱ्या पेशी? 7,400. अगदी बिनचूक, पुस्तकात छापावा असा आकडा! कोणी नुसता तोच आकडा पाहिला असता तर म्हणाला असता, मुलाला काही झालेले नाही. खाली मात्र यंत्राने लिहिले होते, त्यांतल्या शंभरांत 88 लिम्फोसाइट.

हे यंत्र हुशार आहे, पण त्याची हुशारी आमच्या बंदरावरच्या वजनकाट्याची आहे. ते पेशींना मापाने ओळखते. रापण ओढून झाली की वाळूवर मासळीचा ढीग पडतो. काटा सांगेल, इतके किलो. पण त्यात तारले किती आणि पेडवे किती, हे काटा सांगू शकत नाही. दोन्ही जवळजवळ सारख्याच मापाचे. त्यासाठी पाटी घेऊन बसलेली बाईच लागते. तिने बोटाने मासा उलटा केला की तिला कळते. रक्ताचेही तसेच आहे. यंत्राने ज्यांना लिम्फोसाइट म्हटले त्या खरोखर कोण आहेत, हे डोळ्यांनीच पाहावे लागते.

मी रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेतला, दुसऱ्या काचेच्या कडेने तो पातळ पसरला, वाळवला, त्यावर लिशमनचा रंग ओतला. रंग चढायला दहा-बारा मिनिटे लागतात. त्या वेळात करण्यासारखे काही नसते. बाहेर फटाके वाजत होते. आजीने पदराखालून एक डबा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. “पोहे हत. सणाच्या दिवशी तुमका त्रास दिलंव.” त्या बारा मिनिटांत मला आठवत होती ती 1994 सालची एक मुलगी.

तीही पाच वर्षांचीच. बाप रापणीवर जाणारा. तिचेही सांधे सुजले होते, तिलाही संधिवात म्हणून स्टिरॉइड सुरू झाले होते, आणि महिन्याभराने रक्त तपासायला ती माझ्याकडे आली होती. मुलगी हसत होती, पळत होती. बाप खूश होता. हिमोग्लोबिन थोडे कमी, बाकी ठीक. काचपट्टीवर मला शंभरांत चारेक पेशी जरा मोठ्या, जरा वेगळ्या दिसल्या. मी काही क्षण थबकलो. दिवसभराच्या तीसेक काचपट्ट्या पाहून डोळे शिणले होते. विषाणूच्या तापात अशा पेशी दिसतात, असे मी स्वतःला समजावले आणि तसेच लिहून दिले.

दोन महिन्यांनी बाप तिला उचलूनच घेऊन आला. पोटात यकृत आणि पांथरी दोन्ही वाढलेली. या वेळी काचपट्टी पाहायला शिणलेले डोळेही पुरे होते. त्या मोठ्या पेशींनी सारे रक्त भरले होते. रक्ताचा कर्करोग. मी त्यांना त्याच रात्रीच्या एसटीने मुंबईला पाठवले. पावसाळा लागायच्या आत ती गेली.

स्टिरॉइडचा घोटाळा असा आहे की ते चुकीचे औषध नव्हे. मुलांच्या या रोगावरच्या उपचारात ते असतेच, पण इतर चार-पाच औषधांच्या जोडीने. एकटे दिले तर बिघडलेल्या पेशी काही आठवडे मरतात, सूज उतरते, ताप जातो, मूल खेळू लागते. रक्तही वरवर स्वच्छ दिसते. त्यामुळे निदान लपते, आणि त्या औषधाला न जुमानणाऱ्या ज्या पेशी उरतात त्या पुन्हा फोफावतात. चोराला पकडण्याऐवजी आपणच त्याला काही दिवस लपायला जागा दिली, असे होते. म्हणून मुलाच्या दुखऱ्या सांध्यावर स्टिरॉइड देण्याआधी रक्ताची काचपट्टी कोणीतरी नीट पाहिलेली असावी, एवढे एकच वाक्य मी त्यानंतर ऐकेल त्या प्रत्येक डॉक्टराला सांगत आलो आहे.

रंग चढला. काचपट्टी धुऊन मी ती सूक्ष्मदर्शकाखाली घेतली.

निरोगी लिम्फोसाइट ही लहान, गोल, घट्ट पेशी. तिचे केंद्रक गडद जांभळे आणि खडबडीत दिसते. इथे दिसत होत्या त्या मोठ्या, मऊ चेहऱ्याच्या पेशी. केंद्रकाने जवळजवळ सारी पेशी व्यापलेली, भोवती निळ्या रंगाची नुसती कड. केंद्रकाचे पोत रेशमासारखे तलम आणि त्यात एक-दोन फिकट बिंदू. या लिम्फोब्लास्ट, म्हणजे अजून न पिकलेल्या पेशी. अस्थिमज्जा ही रक्ताची बाग. तिथे पेशी पिकतात आणि पिकल्यावरच बाहेर पडतात. या रोगात एकच जात पिकायचे विसरते, नुसती वाढत सुटते, सारी बाग व्यापते आणि कच्ची फळेच बाजारात येऊ लागतात. मग तांबड्या पेशींना जागा उरत नाही, म्हणून मूल पांढरे पडते. प्लेटलेटना जागा उरत नाही, म्हणून जांभळे ठिपके उठतात. रोगाशी लढणाऱ्या चांगल्या पांढऱ्या पेशी उरत नाहीत, म्हणून ताप हटत नाही. आणि हाडाच्या आत ही दाटी झाली की हाडे ठणकतात. कारीट फोडताना त्या मुलाला जे दुखले ते हे होते.

मी शंभर पेशी मोजल्या. 71 ब्लास्ट. पुन्हा शंभर मोजल्या. 69.

आमच्या भागात तापाची कारणे काय कमी आहेत? हिवताप आहे, डेंग्यू आहे, लेप्टो आहे, विषमज्वर आहे. 2016 पासून दोडामार्ग-बांद्याकडे माकडतापानेही माणसे घाबरली आहेत. यांतल्या पुष्कळ तापांत प्लेटलेट उतरतात. पण डेंग्यूत रक्त दाट होते, हिमोग्लोबिन असे तळाला जात नाही. हिवतापाचा जंतू काचपट्टीवर दिसतो. नुसत्याच प्लेटलेट कमी होणारे एक दुखणे मुलांना होते, त्यात मूल एरवी खेळकर असते. तांबड्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही एकदम ढासळलेल्या, आणि वर या अनोळखी पेशी, असे दिसले की वाट एकच उरते. तरीही माझ्या काचपट्टीने शेवटचा शब्द सांगायचा नसतो. कंबरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढून तपासावी लागते, पेशी कोणत्या कुळाची हे तिच्या अंगावरच्या खुणांवरून ओळखावे लागते, तिची गुणसूत्रे पाहावी लागतात, पाठीच्या कण्यातले पाणी तपासावे लागते. औषध किती कडक द्यायचे ते त्यावरून ठरते. मी कागदावर लिहिले: तीव्र ल्युकेमियाचा दाट संशय, स्टिरॉइड देऊ नये, ताबडतोब पुढे पाठवावे.

लिहिणे सोपे. सांगणे कठीण. आईने एकच विचारले, “बरो होतलो मा?” आजीने विचारले, “कोणाची नजर लागली?”

“नजर नाय, बाधा नाय, तुमचो कोणाचो दोष नाय. हो रोग एकाचो दुसऱ्याक लागणा नाय,” मी म्हणालो. “आणि औषध आसा.”

औषध आहे हे वाक्य मला उच्चारता आले, त्यामागे एक लांबलचक गोष्ट आहे आणि तिचा एक धागा मुंबईच्या गिरणगावातून जातो. 1845 मध्ये बर्लिनच्या फिर्खोने एका शवाचे रक्त पाहून ‘पांढरे रक्त’ म्हटले आणि दोन वर्षांनी ग्रीक शब्दांतून रोगाला ल्युकेमिया हे नाव दिले. नाव मिळाले, पुढे शंभर वर्षे उपाय मिळाला नाही. 1931 मध्ये सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई याच रोगाने गेल्या. श्रीमंतीने काही करता आले असते तर ते तिथे झाले असते. त्यांच्या स्मरणार्थ ल्युकेमियाच्या संशोधनासाठी निधी उभा राहिला, आणि 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले.

त्याच सुमारास लूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टरीण मुंबईत होती. ती 1928 मध्ये आली होती. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांचे रक्त का आटते, याचा ती शोध घेत होती. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, त्या बऱ्या होतात हे तिने 1931 मध्ये जगाला सांगितले. त्या अर्कातला गुण म्हणजे पुढे ज्याला फॉलिक ॲसिड म्हणू लागले तो. गोदावरीच्या मुलखातून अमेरिकेत गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या मंडळींनी ते कृत्रिम रीतीने बनवले, आणि मग त्याचा तोतया बनवला. पेशीला वाटते आपण फॉलिक ॲसिड खाल्ले. प्रत्यक्षात ती उपाशी मरते. बॉस्टनचे सिडनी फार्बर यांनी तो तोतया ल्युकेमियाच्या मुलांना दिला. 1948 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की सोळांपैकी दहा मुले, थोडे दिवस का होईना, सुधारली. फार्बर हेही मूळचे माझ्यासारखेच, काचपट्ट्या पाहणारे डॉक्टर. मला याचा उगीचच अभिमान वाटतो.

मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी रक्त चढवून दुसऱ्या दिवशी रात्री कुडाळहून कोकणकन्येने परळला नेले. दिवाळीची गर्दी, पण हातातला कागद पाहून कोणीतरी बाक रिकामा करून दिला. अस्थिमज्जेने माझ्या संशयावर शिक्का मारला. पुढचे तीन वर्षांचे वर्णन मी करत नाही. केस गेले, तोंड आले, दोनदा जीव टांगणीला लागला. आईने कित्येक रात्री दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत काढल्या. शेवटचे दीड-दोन वर्षे घरीच गोळ्या होत्या. त्यांतली एक आठवड्यातून एकदाच घ्यायची, पिवळसर रंगाची. ती त्या तोतयाचीच पुढची पिढी, मेथोट्रेक्झेट. आजी ती देवापुढे ठेवून मग नातवाला देत असे. 2020 च्या टाळेबंदीत तिने मला फोन करून विचारले होते, गोळी चुकली तर? तिची गोळी चुकली नाही. त्या वर्षाच्या अखेरीस उपचार संपले.

हे सगळ्यांच्या वाट्याला येते असे नाही. श्रीमंत देशांत असली दहांपैकी नऊ मुले वाचतात. आपल्याकडे अजून तितकी वाचत नाहीत. कधी निदान उशिरा होते, कधी पैसा आणि धीर मध्येच संपतो. आणि हेही सांगतो की ताप आलेल्या, पाय दुखणाऱ्या हजारो मुलांना हा रोग नसतो. उगाच घाबरू नये. पण ताप दोन आठवडे हटत नाही, मूल पांढरे पडत चालले आहे, चालायला नाखूश आहे, रात्री हाडे दुखून उठते, दाबल्यावर न विझणारे ठिपके अंगावर आहेत, असे दिसले तर रक्त तपासून घ्यावे, आणि एवढेच विचारावे: डॉक्टर, काचपट्टी डोळ्यांनी पाहिलीत ना?

आता राहिलेले सांगतो. ती मुलगी गेल्यावर महिन्याभराने तिचा बाप माझ्याकडे आला होता. हातात केळीच्या पानात बांधलेले बांगडे होते. म्हणाला, “तुमी होतास म्हणान तिका मुंबैपर्यंत तरी न्हेव शकलंय.” मी ते बांगडे घेतले. दोन महिने आधी पाठवायला हवे होते, हे मी त्याला सांगितले नाही. तो माणूस आता नाही. जे त्याला सांगायचे राहिले ते आज इथे लिहितो आहे.

तिची ती पहिली काचपट्टी मी ठेवून दिली आहे. 2017 च्या त्या नरकचतुर्दशीला, सगळे गेल्यावर, मी ती खणातून काढून पुन्हा पाहिली. रंग फिका झाला आहे. शंभरांत चार. त्या तिथेच होत्या. पाहू म्हटले तर दिसत होत्या.

गेल्या दिवाळीत तो मुलगा आजीबरोबर फराळाचा डबा घेऊन आला होता. उंच झाला आहे, आवाज फुटू लागला आहे. त्याला सूक्ष्मदर्शकाचे कुतूहल. मी त्याची जुनी काचपट्टी लावून दिली. बराच वेळ डोळा लावून बसला होता.

“ह्यो खराब पेशी कोणाच्यो?”

“तुझ्यो,” मी म्हणालो.

तो हसला. मग खणात पाहून म्हणाला, “आणि ती दुसरी?”

मी खण लावून घेतला आणि त्याच्या आजीला विचारले, यंदा कारीट पहिल्यांदा कोणी फोडले.